डायमंड स्ट्रीटवरचे पाळक



धर्मसंस्थेत बदल कसा होतो हे सांगताना आपण बहुधा दोन टोकांकडे पाहतो. एका टोकाला विचारवंत आणि चळवळीतली माणसं, दुसऱ्या टोकाला धर्मपीठ आणि त्याचे ठराव. या दोहोंच्या मध्ये आणखी एक माणूस उभा असतो. एकाच वस्तीत वर्षानुवर्षं राहून तिथल्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि अंत्यविधी करणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, आणि दर रविवारी त्याच चेहऱ्यांसमोर उभं राहून बोलणारा. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला फार तर तळटीप मिळते. आज मी अशा एका पाळकाविषयी, त्याच्या पॅरिशविषयी, म्हणजे स्थानिक मंडळीविषयी, आणि त्या पॅरिशमधून घडलेल्या एका बाईंविषयी बोलणार आहे. पाळकाचं नाव रेव्हरंड पॉल वॉशिंग्टन. बाईंचं नाव बार्बरा हॅरिस. पॅरिशचं नाव चर्च ऑफ दि ॲडव्होकेट. अमेरिकेत, उत्तर फिलाडेल्फियात, अठरावा रस्ता आणि डायमंड स्ट्रीट जिथे मिळतात तिथे ते चर्च उभं आहे.

फिलाडेल्फिया मराठी माणसाला परकं नाही. आनंदीबाई जोशी ज्या कॉलेजात शिकल्या ते पेनसिल्व्हेनियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय याच शहरातलं. 11 मार्च 1886 या दिवशी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा पाहायला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. पुढे दोन वर्षांहून जास्त काळ त्या अमेरिकेत राहिल्या, आणि 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचं पुस्तक आलं. रमाबाई फिलाडेल्फियात पोचल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी डायमंड स्ट्रीटवरच्या या चर्चचं बांधकाम सुरू झालं. रमाबाईंकडे मला नंतर परत यायचं आहे, कारण एपिस्कोपल चर्चच्या एका पाळकाशी त्यांच्या कार्याचा थेट संबंध आला होता.

एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन चर्च. आपल्याकडे ज्या अँग्लिकन मंडळ्या होत्या, त्या 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. त्याच कुटुंबाची ही अमेरिकन शाखा. अमेरिका स्वतंत्र झाली आणि या शाखेपुढे एक विचित्र अडचण आली. अँग्लिकन व्यवस्थेत बिशपने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कुणी धर्मगुरू होत नाही, आणि अमेरिकेत तर एकही बिशप नव्हता. कनेक्टिकटच्या धर्मगुरूंनी सॅम्युअल सीबरी यांना निवडून लंडनला पाठवलं. तिथे बिशप होण्यासाठी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा माणूस ती कशी घेणार? सीबरी स्कॉटलंडला गेले. तिथल्या बिशपांना इंग्लंडच्या राजसत्तेने अधिकृत चर्चच्या बाहेर ठेवलं होतं. त्यांनी 14 नोव्हेंबर 1784 रोजी ॲबर्डीनमध्ये सीबरींना बिशपपदाची दीक्षा दिली. लंडनचे रीतसर मार्ग खुले झाले ते त्यानंतर, आणि 1787 मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट लॅम्बेथमध्ये बिशप झाले. म्हणजे नियमाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या या चर्चचा पहिला बिशपच आडवाटेने आलेला आहे. पुढची सगळी हकिगत ऐकताना एवढं ध्यानात असू द्यावं.

दुसरी गोष्ट पॅरिशच्या कारभाराची. या चर्चमध्ये पाळकाला कुणी वरून बदली करून पाठवत नाही. पॅरिशचे सभासद आपल्यातून एक कार्यकारी समिती निवडतात, तिला व्हेस्ट्री म्हणतात. तिचे दोन प्रमुख म्हणजे वॉर्डन. व्हेस्ट्री रेक्टर, म्हणजे पॅरिशचा प्रमुख पाळक, निवडते आणि बिशप त्या निवडीला मान्यता देतो. एकदा रेक्टर नेमला गेला की त्याला सहजासहजी हलवता येत नाही. पूजाविधी कसा आणि केव्हा व्हावा हे तो ठरवतो, आणि चर्चची इमारत कशासाठी वापरायची याचा अधिकारही कायद्याने त्याच्याकडे असतो. साध्या भाषेत सांगायचं तर किल्ली त्याच्याकडे असते. बिशप त्याला समज देऊ शकतो, त्याच्यावर धर्मन्यायालयात खटला चालवू शकतो, पण त्याच्या खिशातली किल्ली काढून घेणं बिशपला सोपं नसतं. आता ही तरतूद केली ती पॅरिशचं रोजचं काम सुरळीत चालावं म्हणून. इतिहासात तिचा उपयोग झाला तो वेगळ्याच कामासाठी.

फिलाडेल्फियाच्या काळ्या एपिस्कोपल माणसांची कथा ॲबसलम जोन्स यांच्यापासून सुरू होते, आणि वॉशिंग्टन यांना समजून घ्यायचं तर तिथूनच यावं लागतं. जोन्स 1746 मध्ये डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मले. रात्री जादा काम करून त्यांनी पैसे जमवले आणि आधी बायकोचं स्वातंत्र्य विकत घेतलं. या क्रमामागे हिशेब होता. आई स्वतंत्र असेल तर मुलं जन्मतः स्वतंत्र ठरत. स्वतःचं स्वातंत्र्य त्यांना 1784 मध्ये मिळालं. सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये ते आणि त्यांचे मित्र रिचर्ड ॲलन काळ्या लोकांत प्रचाराचं काम करीत. तिथे प्रार्थना चालू असताना, गुडघ्यांवर बसलेल्या जोन्स यांना काळ्यांसाठी राखलेल्या जागेत जाण्यासाठी चर्चचे पदाधिकारी उठवू लागले, आणि काळी मंडळी एकत्र उठून बाहेर पडली. 1793 मध्ये शहरात पीतज्वराची भयंकर साथ आली. काळ्या लोकांना हा ताप होत नाही असा त्या वेळच्या डॉक्टरांचा समज होता. तो साफ चुकीचा होता. तरीही जोन्स आणि ॲलन यांनी आपल्या लोकांना घेऊन आजाऱ्यांची शुश्रूषा केली, प्रेतं वाहिली, दफनं केली. नंतर मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने काळ्या शुश्रूषकांवर लुबाडणुकीचा आळ घेतला, तेव्हा 1794 मध्ये दोघांनी पुस्तिका छापून हिशेबासकट उत्तर दिलं.

त्याच 1794 मध्ये जोन्स यांच्या मंडळीचं सेंट टॉमस हे आफ्रिकन एपिस्कोपल चर्च सुरू झालं. 1795 मध्ये बिशप व्हाइट यांनी जोन्स यांना डीकन, म्हणजे धर्मगुरुपदाच्या आधीच्या पायरीचा सेवक, केलं, आणि पुढे ते अमेरिकेतले पहिले काळे एपिस्कोपल धर्मगुरू झाले. दीक्षेसाठी ग्रीक आणि लॅटिन येणं आवश्यक होतं, जोन्स यांना ती अट माफ झाली. पण बदल्यात एक अट घातली गेली: सेंट टॉमसच्या मंडळीने धर्मप्रांताच्या सभेत प्रतिनिधी पाठवायचे नाहीत. 1818 मध्ये जोन्स वारले, तरी अट उठली नाही. ती उठायला 1860 चं दशक उजाडलं. वेदीपाशी उभं राहायला मिळालं, पण सभेत मत द्यायला नाही. आज त्या चर्चच्या पंचांगात 13 फेब्रुवारी हा दिवस जोन्स यांच्या स्मरणाचा म्हणून पाळला जातो. ज्यांच्या प्रतिनिधींना सभेत घेतलं नाही त्या माणसाचा हा गौरव आहे, आणि तो योग्यच आहे. फक्त गौरवाच्या उजेडात ती अट दिसेनाशी होऊ नये.

आता डायमंड स्ट्रीटकडे. जॉर्ज साउथ नावाच्या एका व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या कुटुंबाने हे चर्च बांधवलं. 1887 ते 1897 अशी दहा वर्षं काम चाललं. चार्ल्स बर्न्स हे वास्तुरचनाकार. फ्रेंच गॉथिक धाटणीचं, दगडी, उंच, भव्य. खिडक्यांची रंगीत काच लंडनच्या क्लेटन अँड बेल यांच्याकडची. तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चमध्ये बाक भाड्याने देण्याची पद्धत होती. पैसेवाले पुढे, गरीब मागे. इथे पहिल्यापासून बाकांना भाडं नव्हतं, कुणीही यावं आणि कुठेही बसावं. विसाव्या शतकात गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, वस्ती काळ्यांची आणि गरिबांची झाली, आणि कॅथेड्रलएवढी ती इमारत एका हलाखीच्या मोहल्ल्याच्या मधोमध उरली. असं चर्च चालवणं म्हणजे गळतं छप्पर, थंडीतलं इंधन आणि महिनाअखेरचा ताळेबंद यांच्याशी रोजची झुंज असते. पाळकाच्या आयुष्यावर लिहिणारे या भागाकडे दुर्लक्ष करतात. पाळक मात्र करू शकत नाही.

पॉल वॉशिंग्टन 1921 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये जन्मले. फिलाडेल्फिया डिव्हिनिटी स्कूलमध्ये त्यांचं धर्मशिक्षण झालं. लायबेरियातल्या कटिंग्टन कॉलेजात त्यांनी सहा वर्षं काम केलं. परत येऊन शहराच्या नैर्ऋत्य भागातल्या एका लहान पॅरिशमध्ये सेवा केली, आणि 1962 मध्ये ते ॲडव्होकेटचे रेक्टर झाले. 1987 पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, ते तिथेच राहिले. अँग्लिकन पाळक संसारी असतो. वॉशिंग्टन यांची पत्नी ख्रिस्तीन आणि मुलं त्याच वस्तीत राहत होती. वस्तीला जे भोगावं लागे ते त्यांच्याही घराच्या दारात येई.

ऑगस्ट 1964 मध्ये, चर्चपासून काही गल्ल्या दक्षिणेला, कोलंबिया अव्हेन्यूवर मोठी दंगल झाली. त्यानंतरच्या वर्षांत वॉशिंग्टन यांनी आपली किल्ली कशासाठी वापरली ते पाहा. 1968 मध्ये ब्लॅक पॉवर परिषद भरवायला जागा हवी होती. हजारो माणसांची ती परिषद ॲडव्होकेटमध्ये भरली. 1970 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचं अधिवेशन फिलाडेल्फियात होणार होतं. फ्रँक रिझो तेव्हा शहराचे पोलीस आयुक्त होते. अधिवेशनाच्या काही दिवस आधी पोलिसांनी पँथरांच्या कचेऱ्यांवर छापे घातले, शहर भीतीने ताठरलं होतं. तेव्हाही ॲडव्होकेटची दारं उघडी राहिली. वॉशिंग्टन स्वतः पँथर नव्हते. पण पोलिसांच्या बंदुकीसमोर असलेल्या पोरांना बसायला जागा हवी होती, आणि आपल्याकडे छप्पर आहे, एवढा विचार त्यांना पुरेसा होता. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव ‘अदर शीप आय हॅव’ असं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की या कळपाबाहेरचीही माझी मेंढरं आहेत. नाव तिथून घेतलेलं आहे. आपल्या मंडळीच्या बाहेरच्यांचाही मी पाळक आहे, असं हा माणूस पंचवीस वर्षं वागत आला.

ख्रिस्तीन वॉशिंग्टन यांचं काम वेगळं, पण तितकंच मोठं. 1968 मध्ये त्यांनी ॲडव्होकेट कम्युनिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही संस्था उभी केली आणि वस्तीतली मोडकळीला आलेली घरं दुरुस्त करून, नवी बांधून, राहत्या लोकांना देण्याचं काम तिने हाती घेतलं. पाळकाच्या पत्नीचं काम म्हणजे रविवारची शाळा आणि चहापान असं समजणाऱ्यांनी या बाईंकडे जरूर पाहावं.

मग चित्रं आली. क्लेटन अँड बेलच्या काचांमधले संत गोरे होते. त्या काचांखाली बसून प्रार्थना करणारी माणसं काळी होती. वॉशिंग्टन यांनी वॉल्टर एडमंड्स आणि रिचर्ड वॉटसन या दोन काळ्या चित्रकारांना बोलावलं. 1973 ते 1976 या काळात त्यांनी चौदा मोठी चित्रं केली: बायबलमधल्या वचनांना काळ्या अमेरिकनांचा इतिहास जोडलेला, गुलामगिरीपासून नागरी हक्कांच्या लढ्यापर्यंतचा. संतापलेली, रंगांनी पेटलेली चित्रं आहेत ती. गॉथिक भिंतींवर ती पाहून काहींना धक्का बसतो. मला ती त्या इमारतीत अगदी शोभून दिसतात. कारण इमारत ज्यांची झाली होती, त्यांचे चेहरे तिथे पहिल्यांदा आले.

या पार्श्वभूमीवर 1974 येतं. त्याआधी थोडा कायदा पाहावा लागेल, कारण पुढचा सगळा वाद कायद्याचा होता. एपिस्कोपल चर्चचं सर्वोच्च मंडळ म्हणजे जनरल कन्व्हेन्शन. दर तीन वर्षांनी ते भरतं. त्याची दोन सभागृहं: एक बिशपांचं, दुसरं धर्मगुरू आणि सामान्य सभासदांच्या प्रतिनिधींचं. या दुसऱ्या सभागृहात स्त्रियांना पहिल्यांदा जागा मिळाली ती 1970 च्या ह्यूस्टन अधिवेशनात. त्याच अधिवेशनाने स्त्रियांना डीकन होण्याची पूर्ण वाट मोकळी केली. धर्मगुरू होण्याची नाही. 1973 मध्ये लुइव्हिल इथे तो ठराव आला आणि पडला. तो कसा पडला हे ऐकण्यासारखं आहे. मोठ्या प्रश्नांवर प्रत्येक धर्मप्रांताच्या धर्मगुरूंचं एक मत आणि सामान्य सभासदांचं एक मत मोजलं जातं. प्रतिनिधी चार. त्यांच्यात दोन बाजूने आणि दोन विरुद्ध असे पडले, तर ते मत होकारात धरत नसत, आणि त्याचा परिणाम विरोधी मतासारखाच होई. होकार देणाऱ्या प्रांतांची संख्या नकार देणाऱ्यांपेक्षा जास्त असूनही ठराव फेटाळला गेला. तीन वर्षं थांबा, पुढच्या वेळी पाहू, असं उत्तर स्त्रियांना मिळालं.

अकरा स्त्री-डीकन थांबल्या नाहीत. सुझॅन हायॅट ही त्यांच्यातली संघटक. कार्टर हेवर्ड, ॲलिसन चीक, एमिली ह्यूइट, मेरिल बिट्नर, कॅट्रिना स्वॉन्सन, नॅन्सी विटिग, बेटी बोन शीस, मेरी मूरफील्ड, ॲला बोझार्थ-कॅम्बेल, आणि या सगळ्यांत वडील जेनेट पिकार्ड. पिकार्डबाईंचं वय तेव्हा 79 होतं. 1934 मध्ये नवऱ्याबरोबर फुग्यातून त्या साडेसतरा किलोमीटर उंचीवर गेल्या होत्या. स्थितांबरात पोचलेली पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. मोठी होऊन काय होणार असं आईने लहानपणी विचारलं, तेव्हा त्या पोरीने धर्मगुरू होणार असं सांगितलं होतं. आकाश आधी साधलं, वेदीला कित्येक दशकं लागली.

दीक्षा द्यायला तीन बिशप तयार झाले: डॅनियल कॉरिगन, एडवर्ड वेल्स आणि रॉबर्ट डिविट. तिघेही तेव्हा कुठल्याच धर्मप्रांताची जबाबदारी नसलेले. वेल्स हे कॅट्रिना स्वॉन्सन यांचे वडील. डिविट त्याआधी पेनसिल्व्हेनियाचे बिशप होते, आणि वॉशिंग्टन यांच्या कामाच्या पाठीशी ते पूर्वी उभे राहिले होते. पण नियम असा की दुसऱ्या बिशपच्या प्रांतात त्याच्या परवानगीशिवाय दीक्षा देता येत नाही, आणि उमेदवाराला आपल्या प्रांताच्या स्थायी समितीची शिफारस लागते. यातलं काहीच नव्हतं. आता प्रश्न उरला जागेचा. जाहीर विधी करायचा तर जाहीर चर्च हवं. वॉशिंग्टन यांनी ॲडव्होकेट देऊ केलं.

पेनसिल्व्हेनियाचे तेव्हाचे बिशप लायमन ओगिल्बी यांची याला संमती नव्हती. ओगिल्बी स्त्रियांच्या दीक्षेच्या विरोधात नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांना ती हवीच होती, पण रीतसर, कन्व्हेन्शनच्या ठरावाने. मला त्यांचा राग येत नाही. बिशप सगळ्या प्रांताला बांधून ठेवणारा असतो. एका पॅरिशने नियम मोडला तर उद्या दुसरी पॅरिश वेगळ्या कारणाने मोडेल, ही चिंता त्याला करावीच लागते. तरी माझ्या मते त्या दिवशी वॉशिंग्टन यांचंच बरोबर होतं. जोन्स यांच्या मंडळीला धर्मप्रांताच्या सभेबाहेर किती काळ थांबायला लावलं होतं, याचा हिशेब काळ्या पाळकाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ‘थोडं थांबा’ या उत्तराची किंमत त्याच्या माणसांनी आधीच मोजलेली होती.

29 जुलै 1974, सोमवार. मार्था आणि मरिया या बहिणींच्या स्मरणाचा दिवस. सुमारे दोन हजार माणसं त्या चर्चमध्ये जमली. मिरवणुकीच्या पुढे क्रूस धरून चालत होत्या बार्बरा हॅरिस, त्या पॅरिशच्या सीनियर वॉर्डन. तेव्हा त्या एका तेल कंपनीत जनसंपर्काच्या मोठ्या पदावर काम करीत होत्या. उपदेश केला चार्ल्स विली यांनी, समाजशास्त्रज्ञ, काळे, कन्व्हेन्शनच्या प्रतिनिधी-सभागृहाचे उपाध्यक्ष. विधीत एक ठिकाण असतं जिथे बिशप विचारतो की या उमेदवारांबद्दल कुणाची हरकत आहे का. हरकत घेणारे धर्मगुरू पुढे आले, एकामागून एक बोलले, त्यांना बोलू दिलं गेलं, आणि मग विधी पुढे सुरू झाला. मला या प्रसंगातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. नियम मोडणाऱ्यांनी विधीतला विरोधाचा हक्क मोडला नाही.

त्यानंतर जे झालं ते अपेक्षितच होतं. ऑगस्टमध्ये बिशपांची तातडीची बैठक शिकागोत भरली आणि तिने या दीक्षा वैध नसल्याचं जाहीर केलं. चार्ल्स विलींनी निषेध म्हणून उपाध्यक्षपद सोडलं. आणि पुन्हा सगळा भार पॅरिशवर आला. या स्त्रियांना कोण आपल्या वेदीपाशी उभं करणार? वॉशिंग्टन शहरातल्या सेंट स्टीफन अँड दि इन्कार्नेशन पॅरिशचे रेक्टर विल्यम वेंट यांनी नोव्हेंबर 1974 मध्ये ॲलिसन चीक यांना प्रभुभोजनाचा विधी करू दिला. पुढच्याच महिन्यात ओहायोत ओबर्लिनच्या पॅरिशचे रेक्टर पीटर बीबी यांनीही तेच केलं. दोघांवरही त्यांच्या बिशपांची आज्ञा मोडल्याबद्दल धर्मन्यायालयात खटले चालले आणि दोघांनाही दोषी ठरवलं गेलं. दीक्षा देणाऱ्या बिशपांची नावं आज अभ्यासक पाठ म्हणून दाखवतात, या दोन पाळकांची नावं फारसं कुणी घेत नाही. म्हणून मी ती इथे मुद्दाम घेतली.

1976 मध्ये मिनियापोलिसच्या कन्व्हेन्शनने नियम बदलला. 1 जानेवारी 1977 पासून स्त्रियांना धर्मगुरुपद रीतसर खुलं झालं. त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये पॉली मरी यांना दीक्षा मिळाली. या चर्चच्या त्या पहिल्या काळ्या स्त्री-धर्मगुरू, आणि त्याआधी नागरी हक्कांच्या नामांकित कायदेतज्ज्ञ. महिनाभराने, 13 फेब्रुवारीला, म्हणजे जोन्स यांच्याच दिवशी, त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल गावच्या चॅपल ऑफ दि क्रॉसमध्ये प्रभुभोजनाचा विधी केला. त्यांच्या आजीचा, कॉर्नेलिया हिचा, गुलाम मुलगी म्हणून बाप्तिस्मा झाला होता तो याच चॅपलमध्ये.

अकराजणींना मात्र पॅरिश मिळणं सोपं गेलं नाही. रेक्टर निवडते व्हेस्ट्री, आणि व्हेस्ट्रीचं मन ठरावाने बदलत नाही. हायॅट आणि हेवर्ड केंब्रिजच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकवू लागल्या. ह्यूइट वकील झाल्या आणि पुढे अमेरिकेच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सच्या मुख्य न्यायाधीश. पिकार्डबाई 1981 मध्ये वारल्या, त्याआधी त्यांनी मिनेसोटात सेंट पॉल शहरातल्या पॅरिशमध्ये सेवा केली. ज्या किल्लीने यांच्यासाठी दार उघडलं, तीच किल्ली दुसऱ्या शेकडो व्हेस्ट्रींच्या हाती होती आणि त्यांनी ती वापरली नाही. पॅरिशच्या स्वातंत्र्याची ही दुसरी बाजू आहे. तिच्याकडे डोळेझाक करून मला वॉशिंग्टन यांचं कौतुक करता येणार नाही.

आता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्या चर्चशी त्यांचा खटका लगेचच सुरू झाला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांची मतं मागवली गेली. ती प्रतिकूल आली. स्वतःच्या विवेकबुद्धीवर बिशपाची सत्ता मानायला रमाबाईंनी वाँटेजच्या नन सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांतून स्पष्ट नकार दिला. मग त्या अमेरिकेत गेल्या. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिच्या उपाध्यक्षांमध्ये एक नाव होतं रेव्हरंड फिलिप्स ब्रूक्स. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे ते रेक्टर. त्याआधी त्यांनी फिलाडेल्फियातल्या दोन पॅरिशमध्ये काम केलं होतं. 1882–83 मध्ये ते हिंदुस्थानातही येऊन गेले होते. या असोसिएशनच्या पैशांवर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडलं. बिशपांनी जिथे मज्जाव सुचवला, तिथे त्याच संप्रदायातल्या एका पॅरिशच्या पाळकाने नाव दिलं. 1891 मध्ये ब्रूक्स मॅसॅच्युसेट्सचे बिशप झाले, आणि दोन वर्षांत वारले.

त्याच मॅसॅच्युसेट्स प्रांताने 1988 मध्ये सहायक बिशप म्हणून बार्बरा हॅरिस यांची निवड केली. मधल्या काळात त्या 1979 मध्ये डीकन आणि 1980 मध्ये धर्मगुरू झाल्या होत्या. फिलाडेल्फिया काउंटीच्या तुरुंगांत त्यांनी पाळक म्हणून काम केलं, नॉरिसटाउनच्या एका छोट्या पॅरिशची जबाबदारी घेतली, आणि वॉशिंग्टन निवृत्त झाल्यावर काही काळ ॲडव्होकेटच्या हंगामी रेक्टरही झाल्या. संपूर्ण अँग्लिकन जगात तोवर कुणी स्त्री बिशप झाली नव्हती. विरोधकांनी मुद्दे काढले: सेमिनरीची पदवी नाही, घटस्फोटित आहेत, बोलणं तिखट आहे. निवडीनंतर धमक्या आल्या. दीक्षेच्या दिवशी बॉस्टनच्या पोलिसांनी गोळी न भेदणारं जाकीट देऊ केलं. हॅरिस यांनी ते नाकारलं.

11 फेब्रुवारी 1989 रोजी बॉस्टनमध्ये तो विधी झाला. वेदीपाशी चीनच्या फ्लॉरेन्स ली टिम-ओई उभ्या होत्या, वय 81. 1944 मध्ये, जपानी आक्रमणामुळे मकावमध्ये धर्मगुरू पोचू शकत नव्हता, तेव्हा बिशप हॉल यांनी त्यांना दीक्षा दिली होती; अँग्लिकन जगातल्या त्या पहिल्या स्त्री-धर्मगुरू. वरिष्ठांनी आक्षेप घेतल्यावर, बिशप हॉल अडचणीत येऊ नयेत म्हणून, युद्ध संपल्यावर त्यांनी आपला परवाना परत केला होता. बॉस्टनच्या या विधीतही दोघांनी हरकती मांडल्या, त्या ऐकून घेतल्या गेल्या. उपदेशाला पॉल वॉशिंग्टन उभे राहिले.

हॅरिस यांनी 2002 पर्यंत ते पद सांभाळलं. सहायक बिशपचं बरंचसं काम म्हणजे रविवारमागून रविवार वेगवेगळ्या पॅरिशना भेट देणं, मुलांना आणि मोठ्यांना दृढीकरण देणं, व्हेस्ट्रीबरोबर बसून त्यांच्या अडचणी ऐकणं. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात वॉशिंग्टन वारले. हॅरिस यांच्या जागी 2003 मध्ये गेल हॅरिस आल्या. नात्यातल्या नव्हेत, आडनाव फक्त सारखं, आणि त्याही काळ्या स्त्री. त्यांच्या निवडीच्या वेळी कुणाला पोलिसांचं जाकीट आणावं लागल्याची नोंद नाही.